टॅपलीच्या शेजारी उभा असलेला माणूस

वॉलॉंगॉंग
१९ जुलै २०२०

प्रिय भास्करमामा,

परवा फोनवर मी काय विचारलं ते तुला ऐकूच आलं नाही, हे मला कळलं. तू म्हणालास, "हो हो, अगदी मजेत." प्रश्न होता की घरात तांदूळ आहेत का. म्हणून आता पत्र. पोस्ट हल्ली फार स्लो आहे, पण निदान जे लिहीन ते तुझ्यापर्यंत पूर्ण पोचेल.

तुमच्या मेलबर्नचा लॉकडाऊन बातम्यांत बघते आणि मुलगा-सून-नातू असून तू त्या मोठ्या घरात एकटा आहेस हे डोक्यातून जात नाही. यतिन-चिन्मयी नात्यातल्या लग्नासाठी म्हणून पुण्याला गेले काय आणि फ्लाइट बंद झाल्या काय. तनयची शाळा म्हणे तिथूनच ऑनलाइन चालू आहे. तू लिही, नीट लिही, "मजेत" सोडून.

माझं काम तसंच चालू आहे, पण निम्मं उरलंय. आमच्या एज्ड केअर होममध्ये मी ॲक्टिव्हिटीज बघते, म्हणजे बिंगो, गाणी, बसने समुद्रावर नेणं. ते सगळं बंद. व्हिजिटर बंद. आता मी मास्क लावून खोलीखोलीत आयपॅड घेऊन फिरते आणि लोकांना त्यांच्या मुलांशी बोलायला लावते.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे लेन म्हणून एक आजोबा आहेत, नव्वदीला आलेले, इंग्लंडचे. मुलगी हेलन पर्थला, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने बॉर्डर बंद केलीय, त्यामुळे तिला येता येत नाही. ते महिनाभरात जवळजवळ बोलायचे थांबलेत. जेवणाचा ट्रे तसाच परत जातो. डॉक्टर म्हणतात, तब्येतीत नवीन असं काही नाही. मी सहज विचारलं, तुम्ही आधी काय करायचात? तर म्हणाले, "आय वॉज इन टॅपली अँड वीक्स." एवढंच. आमच्या कामावरच्या पोरींनी मोबाइलवर शोधलं तर दोनचार धुरकट क्लिप्स मिळाल्या, त्यात दोन ठिपके हलत होते.

तू आणि लतामामी सत्तरच्या सुमाराला इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत होतात ना? तुला हे नाव माहीत आहे का? असेल तर दोन ओळी लिही, त्यांना वाचून दाखवीन.

तुझी,
देवयानी

&nbsp;

क्रेगीबर्न
२७ जुलै २०२०

चि. देवयानी,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी बिलं समजून बाजूला ठेवणार होतो. पाकिटावर मराठी अक्षर पाहून उभ्याउभ्याच फोडलं.

आधी घरचं. तांदूळ आहेत. शेजारच्या हरजिंदरची बायको दाराशी भाजी ठेवून जाते, त्यामुळे खाण्याचे हाल नाहीत. रोज थोडं चालून येतो, तेवढी परवानगी आहे. काळजीचं कारण नाही.

आता मुद्द्यावर येतो. टॅपली अँड वीक्स मला माहीत आहे का, असं तू विचारतेस. अगं, शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर त्या विनोदी जोडीचा कार्यक्रम लागला की आमच्या रस्त्यावर माणूस दिसत नसे. सोमवारी आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये गोरे, आयरिश, आम्ही, सगळे त्याच्याच, म्हणजे टॅपलीच्या, नकला करत असू. मला वर्षभर त्या लोकांत कोणी विचारलं नव्हतं. टॅपलीची नक्कल करायला लागल्यावर मला चहाच्या वेळी हाक मारू लागले.

विल्फ टॅपली म्हणजे बुटका, गोल, अंगातले सगळे सांधे सैल असल्यासारखा माणूस. तो नुसता दारातून आत आला तरी लोक हसायचे. त्यांचं एक फार गाजलेलं स्किट होतं. हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस. टॅपली तक्रार नोंदवायला येतो, पण काय हरवलंय तेच त्याला आठवत नाही. काउंटरवरचा माणूस विचारतो, रंग कोणता होता? हा म्हणतो, तेव्हा की आता? मोठी होती का? हा म्हणतो, माझ्यापेक्षा नाही, नाहीतर तिनेच मला शोधलं असतं. असं चालायचं. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलेलो आहे.

तो माणूस तुमच्या होममध्ये आहे आणि उपाशी राहतो, हे वाचून मला बसवेना. सोबत इंग्रजीत एक पान लिहिलं आहे, "डिअर मिस्टर टॅपली" म्हणून. त्यांना नीट, सावकाश वाचून दाखव. त्यांना सांग, कॉव्हेंट्रीतला एक हिंदुस्थानी टूलमेकर तुम्हाला अजून विसरलेला नाही.

मामाचे आशीर्वाद

&nbsp;

वॉलॉंगॉंग
६ ऑगस्ट

मामा,

मोठा घोळ झाला. तुझा दोष नाही, माझाच. नाव नीट विचारायला हवं होतं.

मी तुझं पान घेऊन गेले. लेन खिडकीशी खुर्चीत बसले होते. मास्कमुळे त्यांना माझे ओठ दिसत नाहीत, म्हणून अगदी जवळ जाऊन मोठ्याने वाचलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मध्ये एकदाही थांबवलं नाही. तू टॅपलीच्या चालण्याबद्दल लिहिलं होतंस, आवाजाबद्दल, तो नुसता आत आला तरी लोक हसायचे त्याबद्दल. मला वाटलं, मन लावून ऐकतायत, आता काहीतरी बोलतील.

माझं वाचून झाल्यावर म्हणाले, "फार सुंदर पत्र आहे. तुझ्या मामांना थँक यू सांग. पण तो विल्फ. मी दुसरा."

मग खुर्ची खिडकीकडे वळवून द्यायला सांगितली. त्या संध्याकाळचा ट्रे हातसुद्धा न लावता परत गेला. सकाळचाही.

मामा, ते लेनर्ड वीक्स आहेत. काउंटरवरचा माणूस.

मी नंतर सॉरी म्हणायला गेले तर म्हणाले, "नो वरीज, डिअर. सवय आहे." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुमच्याकडे आता रात्रीचा कर्फ्यू पण लागलाय म्हणे. चालायला जातोस ते उजेडात जा.

देवयानी

&nbsp;

क्रेगीबर्न
१४ ऑगस्ट

चि. देवयानी,

तुझं पत्र वाचून मला फार ओशाळं वाटलं. एका माणसाला त्याच्या म्हातारपणी, आजारात, दुसऱ्याची स्तुती मोठ्याने वाचून दाखवायला लावली मी तुला.

दोन दिवस तो काउंटरवरचा माणूस आठवायचा प्रयत्न केला. उंच होता. करडा सूट. केस चापून बसवलेले. पुढे काही आठवेना. मी त्याच्याकडे पाहतच नव्हतो. सगळेच टॅपलीकडे पाहायचे.

मग लता आठवली. तुझ्या मामीचं आणि माझं या कार्यक्रमावरून एकमत नव्हतं, हे मी पार विसरलो होतो.

ती आली तेव्हा तिला इंग्रजी वाचता यायचं, पण बोललेलं कळत नसे. मी शिफ्टला गेलो की दिवसभर त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती एकटी. खाली उतरायलाही बिचकायची. कोणी काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, म्हणून. आम्ही भाड्याने टीव्ही घेतला होता. शनिवारी मी हसून लोळायचो आणि ती शांत बसायची. टॅपली भरभर, तोंडातल्या तोंडात बोलायचा, त्यातलं तिला काही समजत नसे. पण वीक्सचं प्रत्येक वाक्य समजायचं. तो सावकाश बोलायचा, शब्द न शब्द सुटा. "गुड मॉर्निंग, सर. हाउ मे आय हेल्प?" "टेक युअर टाइम, सर." ती त्याच्या पाठोपाठ पुटपुटायची. स्वयंपाक करताना म्हणायची. मी चिडवायचो की अगं, हसवतो तो दुसराच. ती म्हणायची, "मला हा आवडतो. हा समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो."

एकदा आम्ही पोस्टात गेलो, पुण्याला पार्सल पाठवायला. काउंटरवरचा तरुण घाईत होता. हिचे उच्चार त्याला कळेनात, आणि त्याचं बोलणं हिला. रांगेतले लोक उसासे टाकायला लागले. मी पुढे होणार तेवढ्यात हिने हात काउंटरवर ठेवले आणि अगदी त्या वीक्सच्या आवाजात म्हणाली, "टेक युअर टाइम, सर. आय हॅव ऑल मॉर्निंग." तो पोरगा आधी बघतच राहिला, मग इतका हसला की टेबलाला धरून उभा राहिला. मागचेही हसले. त्यानंतर लता एकटी बाहेर जाऊ लागली. पुढे तिने तिथल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी केली, आणि मुलांशी ती जे इंग्रजी बोलायची ते वीक्सचं इंग्रजी होतं.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलंय, सोबत आहे. या वेळी नाव बरोबर लिहिलंय. त्यांना ऐकायचं नसेल तर आग्रह करू नकोस. लता जाऊन दोन वर्षं झाली. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती.

मामा

&nbsp;

वॉलॉंगॉंग
३० ऑगस्ट

प्रिय मामा,

उशीर झाला लिहायला, कारण डबल शिफ्ट चालू आहेत. पण सांगण्यासारखं खूप आहे.

मी घाबरतच गेले होते. आधीच सांगितलं की या वेळी पत्र तुमच्यासाठी आहे, नको असेल तर ठेवून जाते. ते म्हणाले, "वाच." पोस्टाच्या गोष्टीपर्यंत मी आले आणि त्यांनी हात वर केला. "थांब. तिने कसं म्हटलं? 'ऑल' वर जोर दिला की 'मॉर्निंग' वर?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मामाला विचारीन. ते स्वतःशीच दोन्ही प्रकारे म्हणून बघत बसले. मग म्हणाले, "दुसरं वाक्य माझं नाही. ते तिचं. आणि तेच जास्त चांगलंय."

त्या दिवशी त्यांनी सूप संपवलं.

आता माझी शिफ्ट संपली की रोज दुपारी अर्धा तास त्यांच्याकडे बसते. बोलतात, मामा. लहानपणापासून त्यांना गंभीर नट व्हायचं होतं. वडील शिंपी. सैन्यात असताना करमणुकीच्या कार्यक्रमात विल्फ टॅपली भेटला. विल्फला वाक्यंच पाठ होत नसत. स्टेजवर गेला की कोरा. मग लेन असा प्रश्न विचारायचे की त्यातच विल्फला पुढचं वाक्य सापडायचं. लोकांना वाटायचं, तसंच लिहिलंय. ते हरवलेल्या वस्तूंचं स्किट पण असंच झालं. समुद्रकाठच्या एका थिएटरात विल्फ खरोखरच सगळं विसरून उभा राहिला, घाम फुटलेला. लेन पुढे झाले आणि शांतपणे विचारलं, "काही हरवलंय का, सर?" आणि सगळं थिएटर हसून कोसळलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या एका प्रश्नावर निघाली.

मग विल्फला सिनेमे मिळाले. तो गेला. भांडण वगैरे काही नाही, एक फोन, आणि त्यात विल्फच रडत होता. लेननी त्याची समजूत घातली. नंतर यांना मिळाले ते बटलर, पोलीस, पाद्री. एकदा न्यायाधीश, त्याला एकच वाक्य. आणि एकदाच एक मोठं काम, टीव्हीवरच्या नाटकात. बंद होणाऱ्या रेल्वे लाइनवरचा स्टेशनमास्तर. म्हणाले, "ते मी बरं केलं होतं." मी विचारलं, बघायला मिळेल का? तर ती टेप पुसून तिच्यावर फुटबॉल मॅच घेतली होती. हे सांगताना हसले.

ऐंशीच्या दशकात बायकोबरोबर इकडे आले. इथल्या क्लबांत छोटी कामं केली, हौशी मुलांना बोलायला शिकवलं. विल्फ गेल्याची बातमी त्यांना गाडीत रेडिओवर कळली. समुद्राच्या कडेने चालले होते. गाडी बाजूला घेतली आणि बातमी शेवटपर्यंत ऐकली. रेडिओवाल्यांनी त्यांच्या स्किटचा तुकडा लावला, पण यांचा प्रश्न कापून नुसतं विल्फचं उत्तर ऐकवलं.

आता तुझ्याबद्दल. काल लेननी तुझी चौकशी केली. त्यांची चौकशी म्हणजे काय असते सांगू? अगदी साधे प्रश्न, एकामागून एक, आणि मध्ये गप्प. मामांच्या घरात कोण असतं? मी म्हटलं, सध्या कोणी नाही. मग जेवतात कोणाबरोबर? शेवटचं प्रत्यक्ष कोणाशी बोलले? आजारी पडले तर कोणाला कळेल? आणि मग मला आठवलं की तुझ्या पहिल्या पत्रातली हरजिंदरची भाजी सोडली, तर तू स्वतःबद्दल काही लिहिलेलंच नाहीस.

तर हे प्रश्न लेनचे आहेत. उत्तरं त्यांना द्यायची आहेत, मला नाही. "मजेत" चालणार नाही.

देवयानी

&nbsp;

क्रेगीबर्न
१२ सप्टेंबर

चि. देवयानी,

अक्षर वाईट आहे, समजून घे. डाव्या हाताने लिहितो आहे.

मि. वीक्सना उत्तरं.

घरात कोणी नसतं. जेवतो ते ओट्याशी उभा राहून. टेबल मोठं आहे, त्याच्यावर एकच ताट बरं दिसत नाही. हरजिंदर आणि त्याची बायको जूनमध्येच घर सोडून टार्नीटला गेले. ते घर रिकामं आहे. तुला उगीच काळजी नको म्हणून तसं लिहिलं.

शेवटचं प्रत्यक्ष बोललो ते हॉस्पिटलात. कचऱ्याचा बिन आत घेताना ड्राइव्हवेवर पडलो, मनगट मोडलं. बराच वेळ तिथेच बसून होतो. रस्त्यावरून कोणी गेलं नाही. मग उठून टॅक्सी बोलावली. प्लास्टर घातलंय. नर्स फार चांगली होती, पण मास्कमुळे ती काय म्हणते ते मला कळत नव्हतं, मी मान डोलावत होतो.

यतिनला सांगितलेलं नाही. तो तिथे अडकलाय, विमान मिळत नाही, ऐकून काय करणार? व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बिघडलाय असं सांगतो, म्हणजे हात दिसत नाही. पण त्यामुळे तनयला मीही दिसत नाही.

आजारी पडलो तर कोणाला कळेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

'ऑल' वर जोर दिला होता. त्यांना सांग.

मामा

&nbsp;

वॉलॉंगॉंग
२१ सप्टेंबर

मामा,

तुझ्यावर खूप रागावले आहे, ते भेटल्यावर. ही काही कोर्टकचेरी नाही, तू आमचा माणूस आहेस.

केलेल्या गोष्टी सांगते. यतिनला मी फोन केला. तो रडला, मग चिडला, मग म्हणाला की कॅमेरा चालू करायला सांग, तनय रोज विचारतो आजोबा असे काळे का दिसतात. क्रेगीबर्नमध्येच शोभाताई म्हणून आहेत, मराठी मंडळाचे स्वयंसेवक डबे पोचवतात त्यांतल्या. त्या एक दिवसाआड येतील. डबा दाराशी ठेवून निघून जायचं नाही, असं मी त्यांना सांगितलंय, आणि तू दार उघडून दोन वाक्यं बोलायचीस. तोंडाला मास्क लाव आणि बोल.

आणि लेन. तुझं पत्र मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. "टूलमेकर, आणि उजवा हात," म्हणाले. मग आयपॅडकडे बोट दाखवून म्हणाले, "हे त्याच्याकडे आहे का?" इतके दिवस हेलनच्या कॉललासुद्धा तोंड फिरवणारा माणूस.

गुरुवारी दुपारी लिंक पाठवते. दोघांनाही ऐकू येत नाही, तर मी मधे पांढरा फळा घेऊन बसेन आणि लिहीत जाईन. कॅमेरा चालू.

देवयानी

&nbsp;

क्रेगीबर्न
१३ ऑक्टोबर

चि. देवयानी,

प्लास्टर निघालं. हात अजून दुखतो, पण हे उजव्या हाताने लिहिलंय, ते तुला दिसेलच.

शोभाबाईंच्या हातची आमटी चांगली असते. त्या फाटकापाशी उभ्या राहून ओरडून बोलतात, मी दारातून ओरडून उत्तर देतो. सबंध गल्लीला आता माझा रक्तदाब माहीत आहे.

गुरुवारची मी मंगळवारपासून वाट पाहतो. तू फळ्यावर लिहीत असतेस, तुला सगळं माहीत आहे. तरी एक सांगायचं आहे. पहिल्या दिवशी लेननी विचारलं, एका हाताने वरणभात कसा करता? मी सांगू लागलो, कुकर दोन पायांत धरून झाकण कसं बसवतो ते. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आणि हे कुकरला मान्य आहे?" मी म्हटलं, त्याने शिटी वाजवून निषेध केला. मग ते विचारत गेले, मी उत्तरं देत गेलो, आणि तू फळा खाली ठेवून हसत सुटलीस.

मी आयुष्यात कधी कोणाला हसवलेलं नाही. टूलरूममध्ये नक्कल करायचो ती टॅपलीची, ती उसनी होती. यतिन लहानपणी म्हणायचा, बाबा गोष्ट सांगतात ती मशिनच्या मॅन्युअलसारखी. या माणसाने नुसते प्रश्न विचारून मला विनोदी माणूस करून टाकलं. स्वतः मात्र हललासुद्धा नाही. त्या वेळी मी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. किती काम करत होता तो चेहऱ्याने, काहीही न करता.

गेल्या गुरुवारी त्यांना खोकला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिही.

मामा

&nbsp;

वॉलॉंगॉंग
२६ ऑक्टोबर

मामा,

फोनवर तुला नुसतं "लेन गेले" एवढंच सांगता आलं. तू "काय?" म्हणालास आणि मला परत म्हणवेना. म्हणून लिहिते.

कोविड नव्हता. न्यूमोनिया. दोनच दिवसांत झालं सगळं. आणि मी तिथे नव्हते. माझा घसा धरला होता, टेस्ट करून रिझल्ट येईपर्यंत घरी थांबायचा नियम आहे. रिझल्ट निगेटिव्ह आला, आणि त्याच सकाळी होममधून फोन आला. माझ्या फ्लॅटपासून होम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी दोन दिवस इथे बसून भिंतीकडे बघत होते.

नाइटची नर्स सोबत होती. हेलन आयपॅडवर होती. शेवटी ते काही बोलले नाहीत. नाटकातल्यासारखं काही झालं नाही.

खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे दुसऱ्या माणसाला खोली लगेच द्यावी लागते. सूट, दोन स्वेटर, बायकोचा फोटो. नाटकाचं, टीव्हीचं काहीच नव्हतं. मी कपाटाच्या मागेसुद्धा बघितलं.

प्रेतयात्रा वगैरे इथे नसते हे तुला माहीत आहेच. शुक्रवारी, ६ नोव्हेंबरला, चॅपलमध्ये छोटा कार्यक्रम आहे. हेलनला येता येणार नाही, ती लिंकवरून बघेल. ज्या बाई कार्यक्रम घेणार आहेत त्यांनी विचारलं, यांच्या कामाबद्दल कोण बोलेल? हेलन म्हणाली, मी लहान होते, मला नीट आठवत नाही, आणि त्यांच्याबरोबर काम केलेलं कोणी जिवंत नाही. मग तिने विचारलं, "तो मेलबर्नचा माणूस बोलेल का?"

मामा, नाही म्हणू नकोस.

देवयानी

&nbsp;

क्रेगीबर्न
८ नोव्हेंबर

चि. देवयानी,

त्या संध्याकाळी तुला फोन केला नाही, कारण बोलण्याची ताकद नव्हती.

सूट घातला होता. टाय बांधायला वेळ लागला, मनगट अजून वळत नाही. टेबलावर लॅपटॉप ठेवून तासभर आधीच बसलो. यतिनने पुण्याहून सगळं जुळवून दिलं, तोही लिंकवर होता. चॅपल वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून दिसत होतं. लांबलांब ठेवलेल्या खुर्च्या आणि अधूनमधून डोकी. त्यांतलं तुझं कुठलं ते कळलं नाही.

माझं नाव घेतलं तेव्हा स्क्रीनवर आलं की बाकी सगळे म्यूट आहेत. मी बोलायला लागलो. त्यांच्या कारकिर्दीबद्दल जे तू लिहिलंस आणि त्यांनी गुरुवारी सांगितलं, ते सगळं सांगितलं. समुद्रकाठचं थिएटर, विल्फचा घाम, तो प्रश्न. स्टेशनमास्तर. लताचंही सांगितलं. सांगताना समोर काहीच हलत नव्हतं. एवढीशी डोकी, पाठमोरी, आणि शवपेटी. माझाच आवाज मला घरात ऐकू येत होता, रिकाम्या खोल्यांतून फिरून आल्यासारखा.

शेवटी म्हणालो, मी एक कंटाळवाणा माणूस आहे. माझा मुलगा पुण्याहून ऐकतो आहे, तो याला दुजोरा देईल. पण गेले काही गुरुवार मी विनोदी होतो, कारण माझ्या शेजारी लेनर्ड वीक्स उभे होते.

आणि पुढचं वाक्य विसरलो. पाठ केलं होतं, पार गेलं. मी नुसता बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल, पण विचारणारा नव्हता. मग "थँक यू" म्हणालो आणि बाजूला झालो. थोड्या वेळाने स्क्रीन काळी झाली.

मी तसाच बसलो होतो, टाय घालून. शोभाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा उठलो. त्यांना सांगितलं, आज मी एका माणसाच्या निरोपाला बोललो आणि चांगलं बोललो नाही.

शेवटी अडखळलो त्याबद्दल हेलनची माझ्यातर्फे माफी माग. मला वाटतं, कोणापर्यंत काही पोचलं नाही.

मामा

&nbsp;

वॉलॉंगॉंग
१४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

आधी कामाचं. २३ तारखेला बॉर्डर उघडतेय. मी सुट्टी टाकली आहे आणि पहिल्या दिवसाचं सिडनी–मेलबर्न तिकीट काढलंय. दोन आठवडे राहीन. येताना काही आणू का ते लिहू नकोस, पत्र पोचायच्या आत मीच पोचेन.

आता त्या शुक्रवारचं, कारण तू तिथे नव्हतास आणि तुला काही ऐकू आलं नाही.

मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्यामागे आमच्या किचनच्या बाई, नाइटची नर्स, आणि लेननी ज्यांना बोलायला शिकवलं होतं त्यातला एक जण, आता साठीचा, पेपरमध्ये वाचून आला होता. पुढे दुसऱ्या स्क्रीनवर हेलन. तू भिंतीवरच्या पडद्यावर होतास, भलामोठा. तुझा आवाज सगळीकडे स्वच्छ येत होता. तू सावकाश बोलत होतास, शब्द न शब्द सुटा.

"माझा मुलगा याला दुजोरा देईल" म्हणालास तेव्हा किचनच्या बाई पहिल्या हसल्या. एकदम, नाकातून. मग नर्स. मग ते साठीचे गृहस्थ. कार्यक्रम घेणाऱ्या बाईंनी कागद तोंडासमोर धरला. हेलन हसता हसता डोळे पुसत होती. आणि तू पुढचं बोलेनास, गंभीर चेहऱ्याने आमच्याकडे बघत राहिलास, त्यामुळे थांबलेले पुन्हा हसले. मी पण. चॅपलमध्ये, मास्क लावून, पोट धरून.

तू विसरला होतास हे तुझ्या पत्रावरून कळलं. तिथे आम्हाला सगळ्यांना वाटलं, तू आमचं हसणं संपायची वाट बघतोयस.

देवयानी